घरी औषध घेताना: पट्टी वाचण्यापासून उरलेल्या गोळ्या टाकण्यापर्यंत

गोळ्यांच्या पट्टीवर ठळक अक्षरांत असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. आत नेमकं काय आहे ते त्याखालच्या बारीक ओळीत असतं: पॅरासिटामॉल ६५० मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ, अॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ. ही ओळ न वाचल्यामुळे एकच घटक दोन नावांनी पोटात जातो, किंवा नाव तेच पण ताकद दुप्पट अशी गोळी महिनाभर घेतली जाते. त्यामुळे नवं औषध हातात आलं की आधी बारीक ओळ, मग पाण्याचा पेला.

औषध ताब्यात घेताना

चिठ्ठी आणि औषध शेजारी धरून चार गोष्टी ताडून बघा: घटक, ताकद, प्रकार, मुदत.

ताकदीच्या बाबतीत दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक, मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, आणि थायरॉइडचं लेव्होथायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये असतं. दुसरं, दशांश चिन्ह. आधी शून्य न घालता घाईत लिहिलेलं ‘.५’ सहज ‘५’ वाचलं जातं आणि डोस दहापट होतो. शंका आली तर चिठ्ठी लिहिणाऱ्याला विचारा, अंदाज नको.

प्रकार म्हणजे नावाच्या शेवटी येणारी एसआर, एक्सआर, ईआर, सीआर ही अक्षरं. ती असतील तर गोळी औषध हळूहळू, तासन्‌तास सोडत राहणारी आहे. त्याच घटकाची साधी गोळी तिच्या जागी चालत नाही.

मुदतीत फक्त महिना आणि वर्ष छापलेलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पट्टीतून गोळी काढताना मुदत छापलेला कोपरा शेवटपर्यंत राखा. तो आधी कापला गेला तर उरलेल्या गोळ्या कुठल्या आणि कधीच्या हे कळायला मार्ग उरत नाही.

डॉक्टरांच्या अक्षरी खुणा अशा: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस लागेल तेव्हाच. (डोळ्यांच्या चिठ्ठीवर मात्र ओडी म्हणजे उजवा डोळा असतो. या खुणा पाठ करण्यापेक्षा त्यांच्यापुढे स्पष्ट शब्दांत लिहून घेतलेलं बरं.) १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एसओएस लिहिलेलं असेल तेव्हा आणखी दोन आकडे मागून घ्या: दोन डोसांत कमीत कमी किती तास जाऊ द्यायचे, आणि २४ तासांत जास्तीत जास्त किती डोस चालतील. त्यांच्याशिवाय ‘लागेल तेव्हा’ ही सूचना अर्धवट आहे.

काही औषधं आठवड्यातून एकदाच घ्यायची असतात. त्यांतलं सर्वांत जपून वापरायचं म्हणजे मेथोट्रेक्सेट, जे संधिवातासाठी आणि सोरायसिससाठी कमी डोसात देतात. ते चुकून रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी तयार होणं मंदावतं, तोंडात फोड येतात, आणि जीव जाऊ शकतो. अशा औषधाच्या पाकिटावर वार लिहून टाका, ‘फक्त सोमवार’ असं, मोठ्या अक्षरांत. त्याच्यासोबत दिलेली फॉलिक अॅसिडची गोळीही पिवळसर आणि छोटी असू शकते, म्हणून दोन्ही पाकिटं एकाच डब्यात ठेवू नका.

एका कागदाची यादी

घरात ज्याला दोनपेक्षा जास्त औषधं चालू आहेत त्याच्यासाठी एक कागद करा. प्रत्येक ओळीत घटकाचं नाव, ताकद, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कशासाठी, कधी सुरू केलं आणि कुणी दिलं एवढं हवं. तळाशी अॅलर्जी, आणि मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल तर तो. गर्भारपण आणि अंगावर पाजणं हेही.

यादीत फक्त चिठ्ठीवरची औषधं लिहून भागत नाही. व्हिटॅमिन, कॅल्शियम, झाडपाल्याच्या गोळ्या, डोळ्यांत घालायचे थेंब, अंगाला लावायची मलमं, सगळं लिहा. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेवर घेतली जाणारी वनस्पती रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते. घेणाऱ्याच्या लेखी मात्र ती औषधच नसते, त्यामुळे विचारल्यावरही तिचं नाव निघत नाही. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब डोळ्यांत घातले तरी रक्तात उतरतात आणि दमा असलेल्याचा श्वास अडवू शकतात.

कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि औषध बदललं की त्याच दिवशी कागद बदला. जुना फाडून टाका.

तोच घटक दोनदा

याचं ठरलेलं उदाहरण पॅरासिटामॉल. निरोगी मोठ्या माणसासाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम आणि दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोजचं मद्यपान असेल तर मर्यादा याहून खाली येते आणि ती डॉक्टरांनी ठरवायची.

आता हिशोब करा. ताप आहे म्हणून ६५० मिग्रॅची गोळी दिवसात चार वेळा: २६०० मिग्रॅ. सर्दी आहे म्हणून सर्दीची गोळी तीन वेळा, आणि तिच्यात इतर घटकांसोबत ५०० मिग्रॅ पॅरासिटामॉल: १५०० मिग्रॅ. बेरीज ४१०० मिग्रॅ. दोन्ही औषधं आपापल्या सूचनेप्रमाणे घेतली आणि तरी मर्यादा ओलांडली. अंगदुखीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असेल तर आकडा आणखी वर जातो. सर्दी, ताप, अंगदुखी, पाळीतलं दुखणं यांवरच्या मिश्र गोळ्यांची मागची बाजू म्हणूनच दर वेळी वाचायची.

वेदनाशामकांच्या दुसऱ्या कुटुंबात आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, असिक्लोफिनॅक येतात. नावं वेगळी, काम एकाच पद्धतीचं. यांतली दोन एकत्र घेतल्यानं दुखणं फारसं जास्त कमी होत नाही, पोटातला रक्तस्राव आणि मूत्रपिंडावरचा ताण मात्र वाढतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना ही स्वतःच्या मनानं घेऊच नयेत. रक्तदाबाच्या काही गोळ्या (एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन) आणि लघवी वाढवणारी गोळी अशी जोडी चालू असेल तर त्यांत या वेदनाशामकाची भर पडल्यावर मूत्रपिंड अचानक बिघडू शकतं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तेव्हा हा धोका सर्वांत जास्त असतो.

किती वाजता, कशाबरोबर

‘दिवसातून तीनदा’ याचा अर्थ शक्यतो आठ-आठ तासांनी. सकाळी ९, दुपारी १, संध्याकाळी ५ असे डोस घेतले तर रात्रभर रक्तात औषध कमी पडतं. अँटिबायोटिकच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा. झोपमोड करायची गरज नसते. सकाळी ६, दुपारी २, रात्री १० असं बसवता येतं.

उपाशीपोटी म्हणजे जेवणाआधी साधारण एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. लेव्होथायरॉक्सिन सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्या आणि पुढचा अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नका, कॉफीसुद्धा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या त्यानंतर किमान ४ तासांनी. रोज गोळी घेऊनही थायरॉइडचा अहवाल सुधारत नसेल तर डोस वाढवण्याआधी हे अंतर पाळलं जातंय का ते तपासा. आम्लपित्तावरची ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही औषधं जेवणाआधी अर्धा तास घेतली तर नीट काम करतात. जळजळ सुरू झाल्यावर घेऊन लगेच आराम पडत नाही. मेटफॉर्मिन आणि आयब्युप्रोफेन खाण्यासोबत किंवा खाल्ल्यावर.

डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांच्यासोबत दूध, कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड घेतलं तर ते औषधाला बांधून ठेवतं आणि औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. ग्रेपफ्रूट या मोसंबीच्या जातीच्या फळाचा प्रकार उलटा आहे. सिम्वास्टॅटिन, फेलोडिपिन अशा काही औषधांचं रक्तातलं प्रमाण ते वाढवतं, आणि परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो, त्यामुळे दोघांत चार तासांचं अंतर ठेवून उपयोग नाही. वॉरफरिन घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्या सोडायच्या नसतात, फक्त त्यांचं प्रमाण आठवड्यागणिक सारखं ठेवायचं, कारण त्यांतलं व्हिटॅमिन के औषधाच्या विरुद्ध काम करतं.

छातीत दुखण्यावरचं नायट्रेट औषध (नायट्रोग्लिसरिन, आयसोसॉर्बाइड) आणि पुरुषांच्या लैंगिक ताठरतेसाठीचं सिल्डेनाफिल एकत्र आले तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो. संकोचापायी हे बोललं जात नाही. डॉक्टरांना सांगाच.

गोळी गिळण्याची रीत

बसून किंवा उभं राहून घ्या. आधी पाण्याचा एक घोट, मग गोळी, मग पेलाभर पाणी. कॅप्सूल पाण्यावर तरंगते, म्हणून ती गिळताना मान मागे न टाकता हनुवटी थोडी खाली घ्या, सहज उतरते.

पाणी कमी पडलं की काही औषधं अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करतात. डॉक्सिसायक्लिन आणि हाडांच्या ठिसूळपणावरचं अॅलेंड्रोनेट ही त्यांत पुढे. अॅलेंड्रोनेट सकाळी उपाशीपोटी पूर्ण पेला साध्या पाण्याबरोबर घेऊन किमान ३० मिनिटं आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही.

मोडणं आणि कुटणं विचारल्याशिवाय करू नका. हळूहळू सुटणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम रक्तात येतो. आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेली गोळी मोडली तर ती जठरातच फुटते आणि एक तर आम्लानं निकामी होते किंवा पोटाला त्रास देते. गिळताच येत नसेल तर त्याच घटकाचं पातळ औषध किंवा विरघळणारी गोळी मिळते का ते विचारा. आणखी एक: मेटफॉर्मिनच्या काही एसआर गोळ्यांचं रिकामं टरफल शौचातून जसंच्या तसं दिसतं. औषध शोषलं गेलेलं असतं, त्यामुळे पुन्हा गोळी घ्यायची नाही.

पातळ औषध आणि लहान मुलं

घरातले चमचे मापाचे नसतात. ५ मिलि समजून वापरलेला चमचा कधी ३ मिलिचा, कधी ७ मिलिचा निघतो. बाटलीसोबत आलेलं माप किंवा सुई नसलेली मिलिच्या खुणांची सिरिंज वापरा. मापाचं झाकण सपाट जागी ठेवून डोळ्यांच्या पातळीवरून वाचा. बाटली आधी नीट हलवा; सस्पेन्शनमधलं औषध तळाला बसतं, आणि न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे कडक जातात.

मुलांचा डोस वजनावर ठरतो. पॅरासिटामॉलसाठी दर किलोला १० ते १५ मिग्रॅ, म्हणजे १० किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० मिग्रॅ, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ताप असेल तर घरी औषध देत बसू नका, लगेच दाखवा. आता बाटल्या बघा: एका सिरपमध्ये ५ मिलित १२० मिग्रॅ, दुसऱ्यात ५ मिलित २५० मिग्रॅ, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलित १०० मिग्रॅ. ‘पाच मिलि द्या’ हे ऐकून पहिल्या सिरपऐवजी थेंबांच्या बाटलीतून ५ मिलि दिलं तर बाळाच्या पोटात ५०० मिग्रॅ जातं. म्हणून डोस नेहमी मिग्रॅमध्येही विचारून घ्या आणि बाटली संपून नवी आणली की ताकद पुन्हा वाचा.

पावडरच्या बाटलीतून तयार करायचं अँटिबायोटिक असं बनवा: बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करा, उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा हलवा. पहिल्या हलवण्यानंतर पातळी खाली जाते, त्यामुळे शेवटची भर महत्त्वाची. झाकणावर तयार केल्याची तारीख लिहा. लेबलवर सांगितलेल्या दिवसांनंतर (बऱ्याचदा ७) उरलेलं टाकून द्या. काही फ्रिजमध्ये ठेवायची असतात, फ्रीझरमध्ये कुठलंच नाही.

ताप आलेल्या मुलाला आणि किशोरवयीनांना अॅस्पिरिन देऊ नका. विषाणूच्या तापात त्यामुळे राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो.

डोळे, श्वास, इन्सुलिन

डोळ्यांत एका वेळी एकच थेंब. खालची पापणी ओढून तयार झालेल्या खोलगट जागेत टाका, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं एक-दोन मिनिटं दाबून धरा. थेंब नाकात उतरत नाही आणि शरीरात कमी जातो. दुसरे थेंब ५ मिनिटांनी, मलम सर्वांत शेवटी. उघडलेली बाटली साधारण ४ आठवड्यांनी टाकायची, पाकिटावर वेगळं लिहिलेलं नसेल तर.

दाबून फवारा सोडायचा इनहेलर हलवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, तोंडात धरून सावकाश आत ओढायला सुरुवात करतानाच दाबा, मग १० सेकंद श्वास रोखा. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटानं. हात आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर (इनहेलर आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावा. मोठ्यांनाही तो तितकाच उपयोगी आहे. पावडरचा इनहेलर वेगळा: त्यात श्वास जोरात आणि झटकन ओढायचा, आणि त्याच्यात फुंकर मारायची नाही, पावडर ओलसर होते. स्टिरॉइड असलेल्या इनहेलरनंतर चूळ भरून थुंकून टाका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

इन्सुलिन सिरिंजनं घेत असाल तर बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा, ४० ला ४० आणि १०० ला १००. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर २५ युनिट जातात. पेन वापरताना बटण पूर्ण दाबून १० पर्यंत मोजा आणि मगच सुई काढा. टोचण्याची जागा दर वेळी बोटभर सरकवा. एकाच जागी टोचल्यानं गाठी होतात आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. न उघडलेलं २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवा. एकदा गोठलेलं वितळलं तरी वापरू नका.

डोस राहिला, किंवा औषध थांबवायचंय

सर्वसाधारण रीत अशी: आठवलं की घ्या, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम कधीच नाही. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, फिटची औषधं आणि इन्सुलिन यांचे नियम वेगळे असतात. ते औषध सुरू होतानाच लिहून घ्या. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन जेवण टाळलं तर साखर फार खाली जाते, म्हणून जेवण नक्की असेल तरच ती घ्यायची.

गोळी घेतली की नाही हेच आठवत नाही, हा प्रश्न डोस राहण्याहून जास्त पडतो. वारांच्या खणांची डबी त्यावर चांगला उपाय आहे. आठवड्यातून एकदा, यादी समोर ठेवून, एका वेळी एकच औषध सगळ्या खणांत टाकत भरा. काही गोळ्या मात्र पट्टीतून आधी काढायच्या नसतात: व्हॅल्प्रोएट हवेतला ओलावा ओढतं, आणि जिभेखालच्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या मूळ काचेच्या बाटलीतच टिकतात.

बरं वाटलं म्हणून रक्तदाबाची गोळी थांबवू नका. ती चालू आहे म्हणूनच दाब आटोक्यात असतो. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी औषधं), रक्तदाबावरचं क्लोनिडिन, फिटची औषधं आणि काही आठवडे घेतलेलं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड अचानक बंद केलं तर मूळ आजारापेक्षा वाईट अवस्था होऊ शकते. ती टप्प्याटप्प्यानं उतरवतात. अॅम्लोडिपिननं घोट्यांना सूज किंवा एनालाप्रिलनं कोरडा खोकला येत असेल तर दुसरं औषध मिळतं, फक्त ते सांगायला हवं.

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणं, श्वास अडकणं, चक्कर येऊन पडणं: थेट रुग्णालय. अंगावर फोड, तोंडात-डोळ्यांत जखमा आणि ताप एकत्र दिसले, किंवा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी दाखवा.

चुकून जास्त गेलं तर

उलटी काढायचा प्रयत्न करू नका. काही वाटत नाहीये म्हणून थांबूही नका. पॅरासिटामॉल जास्त झाल्यावर पहिला दिवसभर माणूस ठीक दिसू शकतो आणि यकृत त्याच वेळी बिघडत असतं. त्यावरचं अॅसिटिलसिस्टीन पहिल्या ८ तासांत दिलं तर सर्वांत चांगलं काम करतं. रुग्णालयात जाताना पट्ट्या, बाटल्या सोबत घ्या, आणि किती, किती वाजता हे लिहून न्या.

ठेवणं आणि टाकणं

न्हाणीघर, ओट्याजवळचं कपाट आणि गाडीचा कप्पा या औषधासाठी वाईट जागा: ओल आणि उष्णता. कोरडी, सावलीची, मुलांचा हात पोचणार नाही अशी उंच जागा निवडा आणि शक्य असेल तर कुलूप लावा. मुलाला औषध ‘गोळी-चॉकलेट’ म्हणून देऊ नका.

उरलेलं अँटिबायोटिक पुढच्या वेळेसाठी राखू नका. औषधं परत घेण्याची सोय असेल तर तिथे द्या. नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून माती किंवा वापरलेल्या चहाच्या चोथ्यात कालवा, बंद पिशवीत घाला आणि कचऱ्यात टाका. पट्टीवरचं नाव खोडा. वेदनेसाठी लावलेला फेंटानिलचा पॅच वापरून झाल्यावरही त्यात बरंच औषध उरतं, म्हणून चिकट बाजू आत घेऊन लगेच दुमडा. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात, टोपण पुन्हा न लावता. रिकाम्या वाटणाऱ्या इनहेलरच्या डब्यातही दाब असतो. तो जाळू नका, भोक पाडू नका.